सत्तावीस नंबरची पेटी

१२ फेब्रुवारी २००९, गुरुवार

आजपासून या डायरीत लिहायचं ठरवलं. डायरी रंगाच्या कंपनीने भेट दिलेली, जानेवारीची पानं कोरीच गेली. गोदामाचं रजिस्टर वेगळं, त्यात माल लिहायचा. हे माझं खाजगी. कारणही तसंच घडलं. आज आमच्या गोदामात एका परदेशाची वकिलात आली.

म्हणजे वकिलातीचं सामान आलं. मंदीमुळे त्या देशाने मुंबईतली कचेरी बंद केली. दिल्लीची मोठी वकिलात चालू राहणार, मुंबईची शाखा गेली. आमच्या शेठचंही तसंच आहे, भिवंडीजवळ काल्हेरला मुख्य गोदाम आणि मानकोलीला दोन, त्यातलं एक सध्या रिकामं. देशाचं नाव मी लिहीत नाही. पार्टीचं नाव गोदामाबाहेर जाऊ द्यायचं नाही हा माझा अठरा वर्षांचा नियम आहे, आणि डायरी म्हणजे बाहेरच. नुसतं 'वकिलात' म्हणेन.

दोन ट्रक सामान. खुर्च्या, टेबलं, सहा लोखंडी कपाटं, झेंड्याची काठी, दारावरची पितळी पाटी फडक्यात गुंडाळलेली, आणि एक्केचाळीस लाकडी पेट्या. प्रत्येक पेटीला तार आणि तारेच्या गाठीवर लाखेचं लाल सील, त्यात त्यांच्या देशाच्या मुद्रेवरचा पक्षी उमटलेला. आमच्याकडे येतात ती प्लॅस्टिकची सीलं, नंबरवाली. इतकं सुबक सील मी आजवर पाहिलं नव्हतं. मोरू मुकादमाने पेट्या उतरवताना बिडी पेटवली, त्याला मी बाहेर काढला.

सामानाबरोबर वकिलातीतले एक जुने क्लार्क आले होते. गळ्यात टाय, पण बूट झिजलेले. त्यांची नोकरी महिनाअखेर संपतेय. ते म्हणाले, "वेखंडे, या पेट्यांना तुमचे पोलीससुद्धा हात लावू शकत नाहीत. वकिलातीचे कागद जिथे असतील तिथे ते त्यांचेच. जगातल्या देशांनी सह्या करून तसा कायदा केलाय."

मी विचारलं, "म्हणजे गाळा नंबर चार आता परदेश झाला?"

"गाळा नाही. पेटीच्या आतलं तरी तसंच समजा," असं म्हणून ते हसले.

त्यांची यादी मी माझ्या हाताने रजिस्टरात उतरवली. पेटी एकोणीस, जुना पत्रव्यवहार. पेटी सत्तावीस, पेंडिंग, ओरिजिनल. पेटी अठ्ठावीस, छत्र्या आणि पायपुसणी. पायपुसण्यांनासुद्धा पक्ष्याचं सील.

घरी येऊन सांगितलं तर रीमा जेवता जेवता थांबली. तिचे कागद याच वकिलातीत आहेत ना. पोरगी नर्स आहे, त्या देशातल्या एका हॉस्पिटलने तिला नोकरीचं पत्र दिलंय, एक जूनला हजर व्हायचं. शेलार गावातल्या आमच्या वाडीतून दुबईला पोरं गेलीत, पण असल्या थंड देशात कुणी नाही, आणि मुलगी तर नाहीच. डिसेंबरात तिने पासपोर्ट आणि नर्सिंगचं सर्टिफिकेट तिथे दिलं. फोन येईल म्हणाले होते, तो आला नाही. मी तिला सांगितलं, काळजी करू नको, क्लार्क म्हणाले आहेत की चालू केसेस सगळ्या दिल्लीला गेल्या.

१५ फेब्रुवारी

सकाळी गाळा उघडला की पहिलं काम सीलं बघायचं. बॅटरी घेऊन एक्केचाळीस पेट्या बघतो आणि रजिस्टरात लिहितो, 'सील शाबूत.' मोरू म्हणतो, "अनंताभाऊ, पेट्या काय पलून जातान काय?" त्याला हसायला काय जातं. मनोजशेठ चावी माझ्याकडे देऊन महिना महिना इकडे फिरकत नाहीत ते काय उगीच?

मनोजशेठ म्हणजे आमच्या जुन्या मालकांचा, दाजींचा मुलगा. दाजींची इथे खाडीला लागून भातशेती होती. त्याच जागेवर आता नऊ गाळे उभे आहेत, आणि शेठ गाडीतून उतरताना आधी चिखल कुठे आहे ते बघतात. दाजी वारले, पण त्यांचं वाक्य माझ्या लक्षात आहे. 'अनंता, तू हायस तवर मना झोप लागते.'

३ मार्च

रीमा रोज फोनवर असते. दिल्लीवाले सांगतात, तुमची फाइल आमच्याकडे नाही, मुंबईला विचारा. मुंबईचा नंबर लावला की एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज येतो, ही कचेरी बंद झाली आहे, दिल्लीला विचारा. रीमा आज चिडून म्हणाली, "बाबा, ही कचेरी बंद झाल्यावर तरी फोन उचलायला शिकली." मी म्हटलं, मोठी ऑफिसं आहेत, वेळ लागतो. गोदू, माझी बायको, ऐकून भांडी घासत राहिली. ती हल्ली कशावरच बोलत नाही.

सील शाबूत.

२९ मार्च, रविवार

आज एक वाईट गोष्ट झाली. रविवार असून मी अर्धा दिवस गोदामावर होतो, एका ट्रकचा माल यायचा होता. रीमा डबा घेऊन आली. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात तिने टेबलावरचं रजिस्टर उघडलं. आलो तर तिचं बोट एका ओळीवर.

"बाबा, सत्तावीसला काय लिहिलंय हे?"

"यादीत होतं ते उतरवलं."

"पेंडिंग म्हणजे ज्यांचं काम व्हायचंय ते. ओरिजिनल म्हणजे पासपोर्ट आणि सर्टिफिकेटं." मग हळूच म्हणाली, "ते माझे कागद आहेत."

ती उठून सरळ आत गेली. सत्तावीस नंबरची पेटी दुसऱ्या थराला आहे, माझ्या खुर्चीपासून दहा-बारा पावलांवर. तिने पेटीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. मी तिला हात काढायला सांगितलं. सांगताना आवाज जरा चढला असेल.

क्लार्कना फोन लावला. ते म्हणाले, शेवटच्या आठवड्यात फार घाई झाली, टेबलावर एक ढीग राहिला होता, तो पॅकिंगवाल्यांनी पेटीत भरला असणार. दिल्लीला पत्र लिहा. मग त्यांनी विचारलं, "वेखंडे, तुम्ही मुलीचे वडीलच ना?" मी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. हा काय विचारायचा प्रश्न झाला.

रीमाला मी समजावलं. उलट बरंच झालं, कागद हरवले नाहीत, सुरक्षित आहेत. माझ्याइतकं कोण सांभाळणार? वकिलातीचं पत्र आलं की मी स्वतः पेटी काढून देईन. डबा तिने उघडलाच नाही, मी एकटाच जेवलो.

६ एप्रिल

मनोजशेठ आले होते. मोरूने त्यांच्या कानावर घातलं असणार. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरं अनंता, पोरीचं काम हाय ना तुज्या? मंग तोड ना ता सील. मी काय बघलाच न्हाय."

मी म्हटलं, "शेठ, उद्या पार्टी आली तर?"

"पार्टी येतंय कनाला? छत्र्या न्यायला? लाखेचा एक गोला बाजारातशी आन नि लाव परत."

"त्यात पक्षी उमटलेला आहे."

शेठ मोठ्याने हसले. "दाजी बोलं ता खरा. तू मानूस न्हायस, कुलूप हायस." जाताना परत म्हणाले, माझी परवानगी आहे. पण परवानगी शेठची चालत नाही, पार्टीची लागते. एवढं त्यांना कळत नाही. वारशाने गाळे मिळाले, अक्कल मिळाली नाही.

घरी गोदूला हे सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, बरं केलंत. ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "शेठ हो बोलला, तरी?"

१७ एप्रिल

दिल्लीचं उत्तर आलं. जाड कागद, वर तोच पक्षी, सोनेरी. रीमाने मराठीत करून वाचून दाखवलं. वकिलातीचे कागद कुणालाही उघडता येत नाहीत, फक्त त्यांच्या अधिकाऱ्यासमोर उघडता येतात. अधिकारी या वर्षात सवडीने मुंबईकडे येतील. तोवर आपण नवीन पासपोर्टसह पुन्हा अर्ज करावा, ही विनंती.

मी म्हणालो, "बघ, मी हेच सांगत होतो."

मलाच नंतर वाटलं की हे बोलायला नको होतं.

तिने आपल्या वकिलातीलाही लिहिलं होतं, त्या देशात आपली आहे तिला. त्यांनीही लगेच उत्तर दिलं, आम्ही इथे अडचणीत आलेल्या भारतीयांना मदत करतो, आपण अजून इथे आलेल्या नाहीत. म्हणजे त्यांची वकिलात इथे त्यांच्या माणसांसाठी आणि आपली तिथे आपल्या माणसांसाठी. सगळ्या जगात अशी ऑफिसं पसरलीत, झेंडे लावलेत, आणि माझी पोरगी दोघांच्याही मध्ये भिवंडीत बसलीय. याचा मला रागच आला. पण राग आला म्हणून सील तोडायचं नसतं.

२६ एप्रिल, रविवार

रीमा परत डबा घेऊन आली. या वेळी शांत होती. माझ्या समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला तोडायला नाही सांगत. तुम्ही डबा घेऊन बाहेर झाडाखाली बसा. अर्धा तास. बस एवढंच. तुम्ही काही केलं नाही, तुम्हाला काही माहीत नाही."

"आणि उद्या रजिस्टरात काय लिहू?"

"रोज लिहिता तेच."

मी म्हटलं, ते खोटं होईल. ती म्हणाली, "हो. एक दिवस."

मी जागचा हललो नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली, ओढणीने डोळे पुसले आणि गेली. लहानपणी शाळेत बाईंनी मारलं तरी ही रडायची नाही. मला फार वाईट वाटलं, इतकं की हात आपोआप किल्ल्यांच्या जुडग्याकडे गेला. तेव्हाच ठरवलं की असा मोह जवळ नको. मोरूला सांगून लाख तापवून घेतली आणि सत्तावीस नंबरच्या पेटीवर आपलं गोदामाचं, दाजींच्या वेळचं सील दुसरं मारलं. आता त्या पेटीला दोन सीलं आहेत. मनाला जरा स्वस्थता आली.

मोरू डबीतली लाख खरवडत होता. तो म्हणाला, "अनंताभाऊ, माजी पोर असती तर मी अखी पेटीच डोक्यावर घेऊन घरी गेलो असतो." हे लोक चांगले आहेत, पण कायदा यांना कळत नाही.

३० एप्रिल

मतदान. केंद्रावर मशीनला लाखेचं सील होतं, दोरा नीट, गाठ नीट. त्या अधिकाऱ्याला मी म्हटलं, काम छान केलंय. त्याला वाटलं मी टोमणा मारतोय. रीमा मतदानाला आली नाही. म्हणाली, ओळखपत्र म्हणून पासपोर्ट दाखवला असता, तो गाळा नंबर चारमध्ये आहे.

१२ मे

नवीन पासपोर्टसाठी जुना हरवल्याचा पोलिसांचा दाखला लागतो. रीमाने मला न सांगता अर्ज लिहिला होता, बसमध्ये पर्स हरवली, त्यात पासपोर्ट होता. गोदूच्या तोंडून निघून गेलं म्हणून कळलं. सकाळची सीलं बघून मी कामावर दांडी मारली आणि तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. पोलिसांसमोर खोटं लिहून देणं म्हणजे गुन्हा, नर्सची नोकरी जायची कायमची. बाप म्हणून मला गेलंच पाहिजे होतं.

हवालदार भला माणूस. अर्ज वाचला, शिक्का काढला, शाईच्या पॅडवर टेकवला. तेवढ्यात मी म्हटलं, "साहेब, एक सांगतो. पासपोर्ट हरवलेला नाही. काल्हेरला आमच्या गोदामात सत्तावीस नंबरच्या पेटीत आहे."

त्यांनी शिक्का खाली ठेवला. "मग काका, आणा की तिथून."

"आणता येत नाही. त्या पेटीतले कागद परदेशाचे आहेत."

त्यांनी रीमाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अर्ज परत केला. म्हणाले, "काका, तुम्ही बाहेर थांबला असतात तर बरं झालं असतं." रस्त्यात रीमा माझ्या पुढे दहा पावलं चालत होती. रिक्षात ती पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसली.

पण मी तिला वाचवलं, हे तिला पुढे कळेल.

१ जून

आज तिने तिथे हजर व्हायचं होतं. तिकडच्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाई भल्या दिसतात, त्यांनी कळवलंय की जुलैअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो. मी म्हटलं, बघ, सगळं होईल. रीमा म्हणाली, "बाबा, कृपा करून बघ म्हणू नका."

सील शाबूत. दोन्ही.

१९ जून

रीमा ठाण्याला गेली. तिथल्या एका हॉस्पिटलात नोकरी धरली, त्यांच्याच होस्टेलवर राहणार. बॅग तिने स्वतः उचलली. जाताना आईच्या पाया पडली, माझ्याही पडली, पण माझ्या वेळी हात पायाला लागले नाहीत.

ती गेल्यावर गोदू पहिल्यांदा बोलली. गेली अठरा वर्षं जे बोलायची नाही ते बोलली.

ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे माझी बाजूही लिहिली जाईल. गोदूचा थोरला भाऊ चिंधू माझ्याआधी या गोदामाचा कीपर होता. मला त्यानेच इथे लावलं, मी त्याच्या हाताखाली होतो. एक्क्याण्णव साली उधाणाच्या भरतीचं पाणी गोदामात शिरलं. आत एका व्यापाऱ्याच्या कापडाच्या गाठी होत्या, दाराला त्याचं सील. चिंधूने सील तोडलं, आम्ही सगळ्यांनी मिळून गाठी वर चढवल्या, एक तागा भिजला नाही. दोन दिवसांनी व्यापारी आला आणि सील तुटलेलं बघून भडकला. दाजींनी विचारलं, कुणी तोडलं? चिंधू म्हणाला, मी तोडलं, पाणी आलं होतं. दाजींनी मला विचारलं, पाणी किती होतं रे? तोवर पाणी ओसरून फरशी सुकली होती. मी म्हणालो, पाणी मी मोजलं नाही, सील तुटलं हे खरं.

चिंधूची नोकरी गेली. त्याच्या जागी मी आलो. त्याने नंतर लूमच्या खडखडाटात रात्रपाळ्या केल्या, आता कानाने ऐकू येत नाही त्याला. मी काही खोटं बोललो नव्हतो. पाणी मी खरंच मोजलं नव्हतं.

गोदू आज म्हणाली, "दादा गुडगाभर पान्यात उभा होता. तुमी पन होतात त्याच्या बाजूला. तुमचे कपडे मीच धुतले." मग म्हणाली, "दादाला सोडला न्हाय, आता पोरीला पन न्हाय. चला, सारखे तरी वागलात."

मी तिला म्हटलं, आता मी सत्तावीसचं सील तोडलं तर चिंधूचं काय? तेव्हा तुटलेलं सील गुन्हा आणि आज माझ्या पोरीचं आहे म्हणून माफ? मग मी त्याच्या जागेवर अठरा वर्षं कशाच्या जोरावर बसलो?

ती म्हणाली, "तेच तर."

म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही.

२२ जुलै

सूर्यग्रहण. ढगांमुळे दिसलं काहीच नाही, नुसता अंधार पडला. मोरूचे लोक दहापर्यंत कामाला लागेनात. आज विशेष काही घडलं नाही.

सील शाबूत.

३१ जुलै

मेट्रनबाईंनी जागा दुसऱ्या कुणाला दिली. रीमाने आईला फोनवर सांगितलं. माझ्याशी बोलली नाही, ड्युटी होती म्हणे.

४ ऑगस्ट, मंगळवार

अखेर आले. दिल्लीहून वकिलातीच्या एक गोऱ्या अधिकारी बाई आणि त्यांच्याबरोबर दिल्लीचाच एक माणूस, हिंदीत बोलणारा. मागे कागदाचा बारीक चुरा करणारी बंद गाडी. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं होतं, एकशे त्र्याहत्तर दिवस, रविवारीही येऊन, रोज 'सील शाबूत' लिहिलेलं. मला वाटलं, पानं चाळतील.

कुणी रजिस्टराकडे पाहिलं नाही. त्या माणसाने खिशातून पकड काढली आणि कटाकट तारा तोडत गेला. बोलता बोलता, मोबाईल कानाला लावून. पक्षी उमटलेली लाख फरशीवर पडत होती, त्यावरून हमाल चालत होते. वीस मिनिटांत चाळीस पेट्या उघडल्या. सत्तावीसला तो अडला. "ये दूसरा सील किसका है?"

मी म्हटलं, माझं.

त्याने बाईंना इंग्रजीत सांगितलं. त्या माझ्याकडे बघून हसल्या, चांगल्या मनाने हसल्या, आणि थँक यू म्हणाल्या. मग तेही तोडलं.

रीमाचं पत्र त्यांच्या फायलीत होतं. माझं ओळखपत्र बघून, माझी सही घेऊन त्यांनी लिफाफा दिला. आत पासपोर्ट, सर्टिफिकेट, सगळं कोरडं आणि स्वच्छ. पासपोर्ट त्या माणसाने सवयीने चाळून पाहिला आणि एका पानावर थांबला. म्हणाला, "वीज़ा तो लगा हुआ है. जनवरी का. गई नहीं वो?"

मी पान पाहिलं. पक्षी, तिचा फोटो, तारखा. दिला बावीस जानेवारी, संपला बावीस जुलै. पेट्या माझ्या गोदामात आल्या त्याच्या तीन आठवडे आधी तिचं सगळं काम झालेलं होतं. कुणाला विचारायचं नव्हतं, कुठे अर्ज करायचा नव्हता. फक्त पेटी उघडून हातात घ्यायचा होता.

मी खुर्चीवर बसलो. त्या माणसाने विचारलं, "तबियत ठीक है?" मी म्हटलं, गर्मी फार आहे.

बाकीचे सगळे कागद त्या गाडीत गेले. पत्रव्यवहार, हिशेब, पेंडिंगमधल्या बाकीच्यांचे अर्ज. छत्र्या मोरूच्या माणसांनी वाटून घेतल्या, पाऊस होताच. संध्याकाळी मोरूने झाडू मारला आणि लाखेचा ढीग सुपात भरून बाहेर टाकला. मी रजिस्टरात लिहिलं, 'पार्टीसमक्ष सील उघडले. माल बरोबर. तक्रार नाही.'

५ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

शेठच्या घरचे लोक खाडीला नारळ द्यायला गेले, गोदामाला सुट्टी. गोदू सकाळीच राखी घेऊन चिंधूकडे गेली. मी घरी एकटा होतो. दुपारी रीमाचा फोन आला, ती गेल्यापासून मला पहिलाच. तिला कुणीतरी पेट्या उघडल्याचं सांगितलं असावं.

"बाबा, होता का त्यात?"

मी कालपासून काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं. तरी आयत्या वेळी तोंडातून वेगळंच निघालं. "नव्हता," मी म्हणालो. "तुझं काहीच नव्हतं त्यात."

मला वाटलं रडेल, तर ती सुटल्यासारखी म्हणाली, "मग बरं झालं. म्हणजे उघडून काही उपयोगच नव्हता. मी उगाच तुमच्यावर..." मग म्हणाली, "आता खरंच हरवलाय, तसं लिहून देते पोलिसांत. बाबा, या वेळी तुम्ही येऊ नका हं." आणि हसली. मीही हसलो. किती महिन्यांनी आम्ही दोघं हसलो.

तिच्यासाठी मी हे केलं. जानेवारीतच व्हिसा झाला होता हे कळलं असतं तर पोरगी आयुष्यभर जळत राहिली असती. दिल्लीच्या फायलीत माझी सही आहे, विचारलं तर तिला कळेल. पण दिल्लीला विचारायचं तिने आता सोडलंय.

तिच्यासाठीच केलं. दुसरं काही असेल तर ते मी इथे लिहीत नाही.

गोदू संध्याकाळी आली. मी म्हटलं, पेटीत काही निघालं नाही. तिने पदर खोचला आणि नारळीभात वाढला. जेवण अर्धं झाल्यावर म्हणाली, "दाजींनी इचारलं तवा दादानं खरं सांगितलं होतं. मी तोडलं म्हनला."

मी म्हटलं, ते आता कुठून काढलंस? ती म्हणाली, "असंच. आज राखी ना." भाताचं पातेलं उचलून ती आत गेली.

जेवण झाल्यावर मी गोदामावर गेलो, सुट्टी असून. लिफाफा जाड कागदात गुंडाळला, दोरा बांधला, लाख तापवली आणि गोदामाचं सील मारलं. माझ्या टेबलामागच्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात मागे ठेवला. रजिस्टरात नोंद केली नाही.

६ ऑगस्ट

सील शाबूत.